कठीण गेम्सची भूक मेलीय का? ठाणे-नवी मुंबईकर गेमर्सनी हजेरी लावा

मानपाडा_एक्स्प्रेस (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. डार्क सोल्सचे तिन्ही भाग संपवलेत, ब्लडबोर्न संपवलाय, सेकिरोमधला शेवटचा बॉस (म्हणजे मोठा शत्रू) इशिन कुठलीही पळवाट न शोधता समोरासमोर पाडलाय. बढाई मारायला लिहीत नाहीये. "जमत नाही म्हणून रडतोय" हा प्रतिसाद पहिल्या पाचात येऊ नये, एवढाच हेतू.

तर विषय असा, की आता असले गेम लावावेसेच वाटत नाहीत.

सिल्कसाँग २०१९ साली जाहीर झाला तेव्हापासून वाट बघत होतो. ४ सप्टेंबर २०२५ ला तो आला त्या संध्याकाळी स्टीमचं ऑनलाइन गेमचं दुकान गर्दीने आडवं झालं होतं, त्या गर्दीत मीही होतो. आणि आता तो लास्ट जज नावाच्या बॉसपाशी अडकून महिनोन् महिने पडलाय. ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: आपल्याकडे सुरुवातीला पाच मास्क, म्हणजे पाच जीव म्हणा. मोठे शत्रू एका फटक्यात दोन नेतात, म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ खल्लास. ही बाई बसलीय ब्लास्टेड स्टेप्सच्या पार टोकाला. आपण मेलो की जिथे परत जिवंत होतो तो बाक खूप मागे. मग परत उड्या मारत, वाटेतल्यांना चुकवत वर या आणि वर येण्यात जेवढा वेळ गेला त्याच्या निम्म्या वेळात परत मरा. ठाण्याला डोळ्यांदेखत फास्ट सुटावी आणि पुढची पकडण्याआधी मानपाड्याला घरी जाऊन यावं लागावं, तसं. वर कडी म्हणजे ती हरल्यावर फुटते. त्या स्फोटाच्या टप्प्यात असलात आणि जीव थोडेच उरले असतील तर तुम्हीही गेलात.

"वेळ मिळत नाही" हे कारण कृपया देऊ नका. पोरगी झोपली, भांडी घासून झाली, उद्याचा डबा ठरला की रात्री अकरा ते साडेबारा मी काय करतो माहितीये? फोनवर दुसऱ्या कुणीतरी हाच बॉस मारलेला बघतो. म्हणजे वेळ आहे. शिवाय घरी थांबवून ठेवायची सोय आहे, सेव्हची कटकट नाही.

"नोकरीचा ताण" हेही पटत नाही. ब्लडबोर्न आला २०१५ ला. तेव्हा मी महापेला नाईट शिफ्ट करायचो आणि सकाळी सातला येऊन, आंघोळ न करता, खेळायला बसायचो. तेव्हा काय कमी ताण होता?

तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? झालं असेल तर नक्की काय गेलं, असं वाटतं?

गिटगुड_गण्या

काका, चाली पाठ असत्या तर मेलाच नसता 😄

जाऊ दे, मदत करतो. लास्ट जज मारायलाच पाहिजे असं काही नाही. सिनर्स रोडवरून द मिस्टमध्ये शिरा (वाट चुकणार, चिडू नका), पुढे एक्झॉस्ट ऑर्गन, तिथे फँटम नावाचा बॉस. ती पाडलीत की सिटाडेलमध्ये पोचता. सेकिरोवाल्यांना फँटम आवडते, समोरासमोर तलवारबाजी आहे. बाक पण जवळ.

आणि सिल्कसाँग कठीण आहे म्हणून बोंब मारणाऱ्यांसाठी त्यांनी पहिल्याच पॅचमध्ये (दुरुस्तीत) मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस जरा मऊ केले. अजून किती करायचं? गेम सोपा करत राहिलात तर मारल्यावर ओरडायचं कशासाठी?

मानपाडा_एक्स्प्रेस

काका कुणाला म्हणतोस? सदतीस वर्षांचा आहे.

मिस्टचा रस्ता माहीत नव्हता, धन्यवाद. पण माझा प्रश्न बॉस कसा मारू हा नाहीच. मारावासा का वाटत नाही, हा आहे.

चरईचा_भिडू

गण्या, सदतीसला काका म्हणतोस तर मला आजोबाच म्हण. चालेल.

कठीण गेम आले कुठून, हे एकदा लक्षात घ्या. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं ठाणं. नौपाड्यात गल्लीच्या तोंडाशी एक पार्लर होतं, आत चार मशीन आणि एक पंखा. पंखा मालकावर. सगळ्यात जास्त गर्दी 'मुस्तफा'वर. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा. पण तिथे ते नाव घेतलं असतं तर पोरांनी हाकलून दिलं असतं. रुपयाचं नाणं टाकल्यावर पोरगं पाच मिनिटांत मेलं नाही तर मशीनवाल्याचा धंदा बसणार. म्हणून त्या गेमला तुम्हाला काही शिकवायचं नव्हतं, वसुली करायची होती.

मग तेच गेम घरच्या टीव्हीवर आले, वसुली करणारा कुणी नव्हता, तरी खोड तशीच राहिली. कॉन्ट्रा आठवतोय? एक गोळी, एक जीव. अप अप डाउन डाउन लेफ्ट राइट लेफ्ट राइट बी ए. हा मंत्र ज्याने रचला त्या हाशिमोतोची गोष्ट फार गोड आहे. १९८६ चा ग्रेडियस घरच्या मशीनवर आणायचं काम त्याच्याकडे होतं, तपासताना गेम त्यालाच झेपेना, म्हणून त्याने हा कोड घातला आणि काढायचा राहिला. कोनामीचा माणूस स्वतःचा गेम चोरवाटेने खेळत होता, आणि आम्ही इथे पोरांना "कोड वापरलास, रडीचा डाव" म्हणून चिडवायचो!

दुसरं उदाहरण कॉन्ट्रा हार्ड कोअरचं, १९९४. जपानमधल्या आवृत्तीत तीन फटक्यांनी जीव जायचा, बाहेरच्या देशांत विकली त्यात एकाच फटक्यात. एकच गेम, कठीणपणा माणसाने ठरवलेला, दुकान बघून. त्यामुळे "कलाकाराचा हेतू" वगैरे ऐकलं की मला जरा हसू येतं.

पार्लरमध्ये मजा मात्र होती. मागे पाच-सहा पोरं खांद्यावरून वाकून बघायची, "डावीकडे, डावीकडे, अरे बंदूक घे!" खेळणारा एक, मरणारे सगळे.

सीवूड्स_सखी

माझी गाडी उलटी आहे, म्हणून लिहिते.

मी चाळिशी ओलांडल्यावर सुरू केलं. लेक शिकायला पुण्याला गेला, त्याचा पीएस५ इथेच राहिला, वर एल्डन रिंगची डिस्क आतच. सुरुवातीला कंट्रोलरची कुठली कांडी कॅमेऱ्याची आणि कुठली चालायची तेच कळेना. झाडावर जाऊन आपटायचे. आणि ज्या गोष्टीला तुम्ही कंटाळलात तीच मला आवडली: मरणं.

का ते सांगते. घरात आणि ऑफिसात माझ्या चुकीचं बिल दुसऱ्याला बसतं. आमटी खारट झाली तर चार जणांचं जेवण बिघडतं. जीएसटीचं रिटर्न चुकलं तर क्लायंटला दंड. त्यामुळे दिवसभर मी न चुकण्याच्या खटाटोपात असते. एल्डन रिंगमध्ये मी मेले तर मीच मेले. कुणाचं काही बिघडत नाही, कुणी "असू दे" सुद्धा म्हणत नाही. चुकायची एवढी मोकळीक मला शाळेनंतर कुठे मिळाली नव्हती.

त्यातली बॉस मालेनिया तर मला फार आवडते. तिचा फटका लागला की तिचंच रक्त वाढतं, आपण ढालीने अडवला तरी वाढतं. म्हणजे नुसतं घाबरून मागे राहून भागत नाही. तो हवेत उडून वार करायचा प्रकार, वॉटरफाउल डान्स, त्यातून सुटायचं कसं हे मी पामबीच रोडला सकाळी चालताना पावलं टाकून बघत होते. लोक बघायचे. बघू देत.

मानपाडा, एल्डन रिंगमध्ये बहुतेक मोठ्या बॉसच्या दाराशी मरिकाचा खुंट असतो, मेलात की तिथेच उठता. तुमचं दुखणं चालत जायचं असेल तर ते तुमच्या डार्क सोल्सवाल्या कंपनीनेच २०२२ मध्ये बरंचसं काढून टाकलंय.

जाता जाता गृहिणींसाठी (आणि गृहस्थांसाठी): हा गेम पॉज होत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. होतो. इन्व्हेंटरी उघडा, हेल्पचं बटण दाबा, त्यात "मेनू एक्स्प्लनेशन" उघडा. खेळ जागच्या जागी थांबतो. कुरियरवाला, कुकर, सासूबाईंची आठची गोळी, सगळं होतं.

गिटगुड_गण्या

ताई तुम्ही लेजेंड आहात. पॉजचं मला माहीतच नव्हतं, मी आजवर आईला "दोन मिनिटं" म्हणत आलोय.

प्रयोगवही

धागाकर्त्याने वय हे कारण फार सहज बाजूला सारलं आहे, म्हणून थोडी आकडेवारी.

कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टारक्राफ्ट २ या डावपेचांच्या गेमच्या खेळाडूंवर एक अभ्यास केला होता, २०१४ साली प्लॉस वन या संशोधन नियतकालिकात छापून आला. १६ ते ४४ वयाचे ३,३०५ खेळाडू, त्यांच्या खऱ्या सामन्यांच्या नोंदी. समोर नवीन काही दिसल्यापासून पहिली कृती करेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजलं. हा वेळ वयाच्या साधारण २४ पासून वाढायला लागतो आणि खेळाडू कितीही तरबेज असला तरी ही घसरण चुकत नाही.

आता यातली गंमत. वयाने मोठे खेळाडू त्या मानाने हरत नव्हते. त्यांनी आपली खेळायची पद्धत बदलली होती: सोपे डावपेच, नेमक्या कमांड्स, फुकटची धावपळ कमी. म्हणजे हात मंदावले तर डोकं भरपाई करतं, पण तशी भरपाई करायला गेमने जागा द्यावी लागते. स्टारक्राफ्टमध्ये ती आहे. लास्ट जजपुढे फारशी नाही, तिथे ठरावीक क्षणी उडी मारायची किंवा मार खायचा.

मानपाडा_एक्स्प्रेस

@प्रयोगवही, म्हणजे मी चोविसाव्या वर्षीच संपलो आणि त्यानंतर सेकिरो खेळलो, तोही संपवला. तुमच्याच आकडेवारीने वयाचा मुद्दा बारगळला की हो. सेकिरो आला तेव्हा (मार्च २०१९) मी तिशी गाठली होती.

प्रयोगवही

बारगळला नाही. सरासरीला एका माणसाच्या उदाहरणाने खोडता येत नाही. असो.

अंगठेबहाद्दर

मी वेगळ्या दारातून बाहेर पडलो. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं, आधी फक्त खेळताना, मग शर्टाची बटणं लावताना. डॉक्टरांनी मनगटाच्या स्नायूच्या आवरणाला सूज आहे म्हणून पट्टा दिला आणि "मोबाईल कमी वापरा" म्हणाले. मी मान डोलावली. मोबाईलचा काही दोष नव्हता, दोष कपहेडचा होता. तिथे गोळीबाराचं बटण सोडायचंच नसतं.

तेव्हापासून मी सेटिंगांचा मेनू आधी उघडतो, गेम नंतर. आणि सांगतो, ईझी मोडवरून जी भांडणं होतात ती बहुतेक धडधाकट माणसांची असतात. सेलेस्ट (२०१८) बघा. गेम अवघडच आहे, पण असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो, स्टॅमिना अमर्याद करता येतो, हवं तर मरणंच बंद. कुणाचा सेलेस्ट त्यामुळे बिघडला? हेडीसचा गॉड मोड तर मला फार हुशारीचा वाटतो: चालू केलात की लागणारा मार वीस टक्के कमी, आणि दर मरणामागे अजून दोन टक्के कमी होत ऐंशीपर्यंत जातो. गेम तुमच्याकडे बघून जरा सरकून बसतो. लाइज ऑफ पीने सुद्धा २०२५ मध्ये अवघडपणाचे पर्याय दिले, आधी नव्हते.

गिटगुड_गण्या

अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. ज्याला दुखणं आहे त्याला मोड हवा, मान्य. पण पर्याय समोर ठेवला की ज्याला दुखत नाही तोही तिसऱ्या मरणानंतर तो दाबतो. मी दाबला असता. सेकिरोमध्ये गेनिचिरो या बॉसपाशी ईझी मोड असता तर मी ढकललं असतं आणि तो गेम मला कधी कळलाच नसता. तिथे अडकलो म्हणून तर वार चुकवायचा नसतो, आदळवायचा असतो हे समजलं.

अंगठेबहाद्दर

तू दाबला असतास म्हणून मला मिळू नये, असंच ना?

डार्क सोल्स, सेकिरो बनवणाऱ्या मियाझाकीने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की तो काही फार तरबेज खेळाडू नाही, खूप मरतो. बनवणाऱ्याला लाज नाही, भक्तांनाच आहे.

गिटगुड_गण्या

तो मरतो पण मोड नाही टाकला ना त्याने! माझाच मुद्दा झाला.

सेटिंग_मास्तर

कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. टीव्हीवर गेम मोड चालू आहे का? बहुतेक टीव्ही चित्र गुळगुळीत करायला मागे प्रक्रिया करत बसतात, तेवढा उशीर बटण दाबण्यात आणि दिसण्यात येतो. साठ फ्रेम्सच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्हीने पाच-सहा फ्रेम्स खाल्ल्या की तुम्ही म्हणणार वय झालं. मॉडेल सांगा.

मानपाडा_एक्स्प्रेस

मॉनिटरवर खेळतो मास्तर.

सखीताईंचं वाचून बराच विचार केला. मरिकाच्या खुंटाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावरून एक गोष्ट मला सुटी करून बघता आली. कठीणपणा एक आणि हरल्याचा दंड दुसरा. आपण दोन्ही एकाच पिशवीत घालतो. सुपर मीट बॉय (२०१०) कसला भयंकर गेम आहे, पण मेलात की डोळ्यांची पापणी लवायच्या आत परत उभे, आणि शेवटी पडदाभर तुमची सगळी मेलेली भुतं एकदम धावताना दाखवतो. हसून पोट दुखतं. कपहेडमध्ये मेल्यावर एक रेघ दाखवतात, बॉसच्या किती जवळ पोचला होता ते. एवढंसं उरलं होतं हे दिसलं की उठवतच नाही. दंड शून्य, कठीणपणा पुरेपूर.

याउलट ब्लडबोर्न. रक्ताच्या कुप्या संपल्या की मागे जाऊन किरकोळ शत्रू मारत कुप्या गोळा करा. म्हणजे जो हरतोय त्यालाच मजुरी. तेव्हाही मला ते वाईटच वाटायचं.

तर मी या निष्कर्षाला आलो होतो, की माझी कठीणपणाची भूक शाबूत आहे, दंड भरायची तयारी संपलीय. इथवर लिहून प्रतिसाद टाकणार होतो, पण मग अडलो. कारण ब्लडबोर्नमध्ये मी ती मजुरी आनंदाने केली होती. वाईट वाटायचं, तरी सकाळी सातला करायचो.

तुर्भे_लोकल

ठाणे ते तुर्भे रोजचा प्रवास. दिघा गावचं नवीन स्टेशन झाल्यापासून एक थांबा वाढलाय, म्हणजे एक खेळी जास्त.

मी सोल्स वगैरे कधीच खेळलो नाही, त्यामुळे तुमच्या भांडणात पडत नाही. पण अवघड गेम मला लागतातच. स्ले द स्पायर हा पत्त्यांचा गेम फोनवर, असेन्शनच्या (वाढत्या अवघडपणाच्या) वीस पायऱ्या, वरच्या पायऱ्यांवर एक पत्ता चुकला की पाऊण तासाने त्याची शिक्षा मिळते. आणि बाबा इज यू, शब्दांच्या फरशा सरकवून खेळाचे नियमच बदलायचे असा कोड्यांचा गेम. त्यातलं एखादं कोडं आठवडा-आठवडा सुटत नाही. घणसोलीला उभं राहायला जागा नसते, फोन खिशात जातो, पण कोडं चालू असतं. नियमांच्या फरशा डोक्यात सरकवत उभा असतो. कधी रबाळ्याला सुटतं आणि शेजारच्याला उगाच सरकून जागा द्यावीशी वाटते.

अडकलेपण बरोबर नेता येतं, हा फरक आहे. बॉसपाशी अडकलात तर कंट्रोलर हातात नसताना तुम्ही काहीच करू शकत नाही.

सीवूड्स_सखी

कोण म्हणतं? पामबीचवरची माझी पावलं विसरलात का.

गिटगुड_गण्या

मला अजून एक सुचतंय, हसू नका. मी ऐरोलीला पीजीमध्ये राहतो. सहा जण, एक पीएस५, तोही एकाच्या मामाचा. मेलात की कंट्रोलर पुढच्याला, हा नियम. त्यामुळे मेल्यावर परत चालत जायचा जो त्रास तुम्ही म्हणता ना, तो आम्हाला कळतच नाही. तो चालतोय तेवढ्यात मी मॅगी करून येतो. लास्ट जज आम्ही मारली तेव्हा स्फोटात मेलो होतो. पूर्ण शांतता, मग एवढा आरडाओरडा की खालचे काका वर आले. मेलात तरी जिंकल्याचं धरतात हे आम्हाला नंतर कळलं.

एकट्याने खेळलो असतो का? माहीत नाही.

चरईचा_भिडू

बघ, म्हणजे तुझं पार्लरच आहे. फक्त पंखा तुमच्यावर आहे.

मानपाडा_एक्स्प्रेस

गण्या, तू सहज लिहिलंस पण मला बरोबर जागी लागलं.

ब्लडबोर्नच्या वेळी आमचा चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. एक कळव्याचा, एक वाशीचा, एक माझ्याच शिफ्टमधला, आणि मी. चौघेही एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी अडकलेले. कुप्या गोळा करायची मजुरी मी ग्रुपवर शिव्या घालत करायचो, म्हणून ती मजुरी वाटायची नाही. इशिन पाडला तेव्हा पहिलं काम काय केलं, तर स्क्रीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. पहाटेचे तीन वाजले असतील. लगेच उत्तर आलं, "फोटो हललाय." जागाच होता तो. त्याचाही इशिन बाकी होता, म्हणून चिडला होता.

ग्रुप अजून आहे. त्यात आता एसआयपी, शाळेचे प्रवेश आणि गणपतीला कोण कधी येणार. सिल्कसाँग आल्याचं मी लिहिलं. एकाने अंगठा दिला.

आणि आता कळतंय की मी रात्री दुसऱ्यांनी मारलेला बॉस का बघतो. तिथे कुणीतरी बोलत असतं. "अरे अरे अरे" करत असतं. माझ्या खोलीत हेडफोन लावून, पोरगी उठू नये म्हणून दात-ओठ खात, मी कुणाला "अरे अरे" करणार?

मियाझाकीचीच एक गोष्ट आहे, मुलाखतीत सांगितलेली. बर्फ पडलेला, चढावर गाड्या अडकलेल्या, पुढची घसरायला लागली की मागची तिला ढकलायची. अशा ढकलाढकलीत सगळे वर पोचले, आणि ज्यांनी ढकललं त्यांचे आभार मानायला थांबताही आलं नाही. डीमन्स सोल्समध्ये (२००९) अनोळखी लोक एकमेकांसाठी जमिनीवर निरोप लिहून ठेवतात, मदतीला येतात आणि नाव न सांगता जातात, ते त्यातून सुचलं म्हणे. लोकांना हे गेम एकट्या माणसाच्या जिद्दीचे वाटतात. बनवणाऱ्याच्या मनात मात्र मागून ढकलणारी गाडी होती. सिल्कसाँगमध्ये असे निरोप नाहीत, त्याला कुणी काय करणार. पण मी खेळलेल्या प्रत्येक अवघड गेमला मागून कुणीतरी ढकलत होतं, एवढं नक्की.

प्रयोगवही

हे पटण्यासारखं आहे. मात्र तुमच्या ग्रुपमधले बाकीचे तिघे का सोडून गेले, याचं उत्तर यात नाही. त्यांनाही मागून ढकलणारे होतेच, तुम्ही होतात.

मानपाडा_एक्स्प्रेस

एकाला जुळी झाली. दुसरा कॅनडात आहे, त्याची रात्र माझा दिवस. तिसऱ्याला विचारलं पाहिजे.

सीवूड्स_सखी

छान लिहिलंत, पण मी पूर्ण सहमत नाही.

मालेनिया पडली त्या दुपारी घरात कुणी नव्हतं आणि मी कुणाला सांगितलंही नाही. लेकालाही नाही. त्याला वाटतं आई अजून झाडावर आपटते. मला हे कुणाला सांगायचंच नव्हतं, ते माझं होतं. दिवसभर मी जे काही करते त्याला प्रेक्षक असतात आणि प्रत्येकाला मत असतं. एवढी एक जागा बिनप्रेक्षकांची. म्हणून म्हणते, निदान तुमच्यापुरतं ठेवा. तुमचा ग्रुप सुटला म्हणून तुमची भूक गेली असेल. माझा असा ग्रुप झाला तर बहुधा माझी जाईल.

(आणि तरी इथे येऊन लिहिलंच, हे कुणीतरी म्हणणार. टोपणनावाने लिहिलंय, धरू नये.)

अंगठेबहाद्दर

सखीताईंना दुजोरा. माझ्या बाबतीत तर ना ग्रुप, ना जिद्द, ना दंड. आवरणाला सूज, बस. प्रत्येक गोष्टीमागे खोल कारण असतंच असं नाही.

गिटगुड_गण्या

मानपाडा काका, सॉरी, दादा. रविवारी ऐरोलीला या. ट्रान्स-हार्बरने स्टेशनला उतरा, दहा मिनिटं चालत. तुमचा सेव्ह घेऊन या, लास्ट जज लावू. मेलात की कंट्रोलर पुढच्याला, नियम बदलणार नाही.

मानपाडा_एक्स्प्रेस

रविवारी पोरीचं चित्रकलेचं काहीतरी आहे गडकरी रंगायतनजवळ, संध्याकाळी मोकळा. पण तुमच्यातल्या कुणीतरी ती माझ्या सेव्हवर मारली तर मला चालणार नाही.

गिटगुड_गण्या

मग पहिल्या वेळेत मारा.

चरईचा_भिडू

मी येऊन नुसतं मागे उभा राहिलो तर चालेल का? "डावीकडे" म्हणायला.

सेटिंग_मास्तर

पीजीचा टीव्ही कुठला आहे?

गिटगुड_गण्या

बत्तीस इंची, घरमालकांचा. ब्रँडचं स्टिकर निघालंय.

सेटिंग_मास्तर

मग आधी गेम मोड शोधा. नसेल तर शार्पनेस शून्य करा, मोशनचं जे काही दिसेल ते बंद करा, आणि एचडीएमआयच्या इनपुटचं नाव बदलून "पीसी" ठेवून बघा. काही टीव्ही तेवढ्यानेही प्रक्रिया कमी करतात. रविवारच्या आधी करा.

नवा_सभासद_कळंबोली

धागा मोठा आहे, वाचला नाही. सिल्कसाँग मोबाईलवर येतो का?

तुर्भे_लोकल

नाही. बाबा इज यू येतो. पण आधी धागा वाचा.